आयोना, रोम की इजिप्त? अँग्लो-सॅक्सन कलेत काय कुठून आलं

प्रश्न असा आहे: अँग्लो-सॅक्सन कलेवर, म्हणजे नॉर्मन येण्यापूर्वीच्या इंग्लंडमधल्या कलेवर, सुरुवातीच्या ख्रिस्ती केंद्रांचा प्रभाव पडला हे सगळीच पाठ्यपुस्तकं सांगतात. पण एक पुस्तक तो प्रभाव आयर्लंडचा मानतं, दुसरं रोमचा, तिसरं इजिप्तमधल्या कॉप्टिक, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या, मठांचा. मग खरा कोणाचा? आणि अँग्लो-सॅक्सनांचं स्वतःचं त्यात काय उरतं?

तिन्हीकडून काही ना काही आलं, पण तिन्हींचे पुरावे एका वजनाचे नाहीत. रोमहून काय आलं याच्या लेखी नोंदी आहेत, कोणी आणलं तेही ठाऊक आहे. आयर्लंडहून आलेलं हस्तलिखितांच्या अक्षरांतच दिसतं. इजिप्तबद्दलची बरीच विधानं मात्र नुसत्या सारखेपणावर उभी आहेत, आणि सारखेपणावर विसंबणं धोक्याचं. शिवाय बाहेरून आलेल्या नमुन्याचं करायचं काय, हे ज्या त्या मठाने आपापलं ठरवलं. त्यातल्या दोन मठांनी तर अगदी उलट निर्णय घेतले, आणि ते दोन्ही निर्णय आज डोळ्यांनी पाहता येतात. माझं काम जुन्या हस्तलिखितांच्या जतनाचं, त्यामुळे उदाहरणं मुख्यतः पुस्तकांची देते. दगडी कामाकडे नंतर वळू.

आधी घरात काय होतं ते पाहू. सफोकमधल्या सटन हू इथे १९३९ साली अख्ख्या जहाजासकट पुरलेलं एक दफन सापडलं. सातव्या शतकाच्या सुरुवातीचं, बहुधा ईस्ट अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याचं. त्यातलं सोन्याचं बक्कल ४१२ ग्रॅमचं आहे. त्यावरची जनावरं एकमेकांत अशी गुंतली आहेत की कुठल्या डोक्याला कुठला पाय हे बोट फिरवत शोधावं लागतं. खांद्यावरच्या बकलांवर गार्नेटचा, म्हणजे लाल रत्नांचा, जडाव आहे. सोन्याच्या पातळ भिंती उभ्या करून घरं पाडलेली, प्रत्येक घरात मापात तासलेला दगड, आणि उजेड परत यावा म्हणून दगडाखाली नक्षी उठवलेला सोन्याचा वर्ख. (पाचव्या-सहाव्या शतकात युरोपातल्या अशा जडावासाठी वापरलेले बरेचसे गार्नेट भारतातून आणि श्रीलंकेतून गेलेले होते, असं त्यांच्या रासायनिक तपासणीतून दिसतं. सातव्या शतकात मात्र बोहेमियाचे दगड वाढतात.) थोडक्यात, हात तयार होते. रेघेवर, घाटावर, बारीक मोजमापावर त्यांची हुकमत होती. नव्हती ती तीन गोष्टींची सवय: पुस्तक, दगडी इमारत, आणि गोष्ट सांगणारी माणसाची आकृती.

त्याच दफनात बायझंटाइन सम्राट अनास्तासियस याच्या काळातलं चांदीचं मोठं ताट होतं, आणि ग्रीक अक्षरांत नावं कोरलेले दोन चांदीचे चमचे. त्यांतल्या एकावर ‘पौलोस’ असं आहे. दुसऱ्यावर ‘सौलोस’ वाचतात. म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या ख्रिस्ती जगातल्या वस्तू मिशनरी यायच्या आधीच राजांच्या घरी पोचत होत्या. पण त्या ताटाकडे पाहून इथल्या कुठल्या सोनाराने घडवण्याची रीत बदलली, असं काही दिसत नाही. ताट संपत्ती म्हणून आलं आणि संपत्ती म्हणूनच पुरलं गेलं. वस्तू नुसती पोचून भागत नाही. ती कशासाठी आहे हे सांगणारा माणूस बरोबर लागतो, आणि तिचा रोजचा वापर लागतो. मठांनी नेमकं हेच पुरवलं.

माणसं दोन दिशांनी आली. ५९७ साली पोप ग्रेगरी याने पाठवलेला ऑगस्टिन आग्नेय इंग्लंडमधल्या केंटमध्ये उतरला. केंटची राणी बर्था ही फ्रँक राजघराण्यातली, आधीपासूनच ख्रिस्ती. राजा एथेलबर्ट याला भेटायला जाताना या मंडळींनी चांदीचा क्रूस आणि लाकडी फळीवर रंगवलेली प्रभूची प्रतिमा पुढे धरली होती, असं बीड या भिक्षू-इतिहासकाराने लिहून ठेवलंय. हाच ग्रेगरी त्याच सुमारास मार्सेच्या बिशपला पत्राने बजावत होता की चर्चमधली चित्रं फोडू नका, ज्यांना वाचता येत नाही ते भिंतीकडे बघून वाचतात. रोमच्या मिशनमध्ये चित्राला पहिल्यापासून काम नेमून दिलेलं होतं, ते असं. ऑगस्टिनबरोबर किंवा त्याच्या मागोमाग आलं असं परंपरा मानते ते सहाव्या शतकातलं इटालियन शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचं पुस्तक, आज केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात आहे. त्यात शुभवर्तमानाच्या चार लेखकांपैकी एक, लूक, कमानीखाली हनुवटीला हात लावून बसलाय, डोक्यावर त्याचं चिन्ह बैल, आणि दोन्ही बाजूंच्या खांबांच्या मधल्या जागेत येशूच्या आयुष्यातले छोटे छोटे प्रसंग. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या पदग्रहणाला आजही हे पुस्तक आणतात.

दुसरी दिशा उत्तरेची. कोलुंबा या आयरिश भिक्षूने ५६३ साली स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयोना बेटावर मठ स्थापन केला. तिथून ६३५च्या सुमारास एडन हा भिक्षू नॉर्थम्ब्रियात, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या राज्यात, आला आणि राजा ऑस्वाल्डच्या पाठबळावर लिंडिसफार्नचा मठ उभा राहिला. आयरिश भिक्षूंनी चित्रांच्या फळ्या आणल्याची नोंद नाही. त्यांनी आणलं अक्षर. डब्लिनला असलेली ‘काथाख’ ही स्तोत्रसंहितेची प्रत साधारण ६००च्या आसपासची. त्यात प्रत्येक स्तोत्राचं पहिलं अक्षर मोठं, दुसरं जरा लहान, तिसरं त्याहून लहान, असं उतरत उतरत ओळ नेहमीच्या मापाला येते. मोठ्या अक्षराच्या टोकांना गिरक्या फुटतात. मजकूर आणि नक्षी यांच्यामध्ये भिंत नसावी ही कल्पना इथली आहे. पुढे लिंडिसफार्नच्या पुस्तकात एखाद्या शब्दाने अख्खं पान व्यापलेलं दिसतं, त्याचं मूळ या उतरत्या अक्षरांत आहे. ६६४ला व्हिटबीच्या सभेत ईस्टरची तारीख रोमच्या पद्धतीने मोजायचं ठरलं आणि आयरिश गटातले बरेच जण निघून गेले. अक्षर मात्र मागे राहिलं.

आता ज्या माणसाबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचंय तो बेनेडिक्ट बिस्कप. नॉर्थम्ब्रियाचा सरदार. पंचविशीत राजाची नोकरी सोडली, पुन्हा पुन्हा रोमला गेला आणि दर खेपेला लादून परत आला. ६७४ला त्याने वेअरमथला मठ काढला, नंतर जॅरोला जोडमठ. जॅरोच्या चर्चची अर्पणशिला अजून तिथे आहे, तारीख २३ एप्रिल ६८५. दगडात बांधायचं तर गवंडी हवेत, ते त्याने गॉलमधून (आजच्या फ्रान्समधून) आणवले. खिडक्यांना काच हवी, काचेचे कारागीर इथे नव्हते, तेही तिकडूनच. त्यांनी काम तर केलंच, शिवाय इथल्या लोकांना शिकवलं, असं बीड मुद्दाम नमूद करतो. दोन्ही ठिकाणच्या उत्खननांत रंगीत काचांचे तुकडे निघाले, म्हणजे बीडचं म्हणणं हवेतलं नाही.

वेअरमथच्या चर्चमध्ये त्याने लावलेली चित्रं कुठे काय होती इतक्या तपशिलाने नोंदलेली आहेत. भिंतीपासून भिंतीपर्यंत नेलेल्या फळ्यांवर मरिया आणि बारा प्रेषित, दक्षिणेच्या भिंतीवर शुभवर्तमानातले प्रसंग, उत्तरेला योहानाच्या प्रकटीकरणातली दृश्यं. जॅरोला त्याहून चतुर मांडणी होती: जुन्या करारातला एक प्रसंग आणि नव्यातला एक, जोडीने. बळीची लाकडं स्वतःच वाहून नेणारा इसहाक, आणि शेजारी स्वतःचा क्रूस वाहणारा येशू. मोशेने उभारलेला पितळेचा साप, आणि शेजारी क्रूसावरचा मनुष्यपुत्र. ही चित्रं आज नाहीत. पण त्यांनी शिकवलेली दृष्टी, म्हणजे दोन प्रतिमा शेजारी ठेवून तिसरा अर्थ काढायचा, पुढे टिकली. बीड सात वर्षांचा असल्यापासून याच मठांत वाढला, आणि त्याच्या बायबलवरच्या टीकांमध्ये हीच जोड्या लावायची सवय जागोजागी भेटते.

आता त्या दोन उलट निर्णयांकडे येऊ.

बिस्कपनंतर दोन्ही मठ सांभाळणाऱ्या सेओलफ्रिथने संपूर्ण बायबलच्या तीन प्रचंड प्रती करवून घेतल्या. दोन मठांसाठी, तिसरी पोपला भेट. ७१६ साली ती तिसरी प्रत घेऊन तो म्हातारपणी स्वतः निघाला आणि वाटेत लांग्र इथे वारला. ती प्रत, ‘कोडेक्स अमिआटिनस’, आज फ्लॉरेन्सच्या लॉरेन्झियाना ग्रंथालयात आहे. हजाराहून जास्त चर्मपत्रं, वजन साधारण ३४ किलो. एका वासराच्या कातड्यातून अशी मोठी पानं दोनच निघतात, म्हणजे पाचशेच्या वर वासरं. एका पुस्तकामागे. कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, खरवडायचं, चौकटीवर ताणून वाळवायचं, आणि हे सगळं पाचशे वेळा. या मठांकडे गुरं, माणसं आणि वेळ किती असेल ते यावरून समजावं.

या प्रतीत जुन्या करारातल्या एज्रा लेखकाचं चित्र आहे. तो बाकावर बसून मांडीवरच्या ग्रंथात लिहितोय, मागे दारं उघडलेलं कपाट, त्यात नऊ जाड ग्रंथ, जमिनीवर लेखनाचं सामान. अंगाला गोलाई, कपड्याला छाया, कपाटाला खोली. अक्षरंही इटालियन वळणाची. दक्षिण इटलीतल्या कॅसिओडोरसच्या विव्हारियम मठातलं एक जुनं बायबल बिस्कप-सेओलफ्रिथ यांच्या हाती आलं होतं, आणि हे चित्र त्याच्या वळणावर बेतलेलं असावं. काम इतकं अस्सल इटालियन की शेकडो वर्षं जाणकारांनी ते इटलीचंच धरलं. कोणीतरी पुढे अर्पणाच्या ओळी खरवडून, ‘इंग्लिशांच्या दूरच्या टोकाहून आलेला’ सेओलफ्रिथ काढून त्या जागी एका लोंबार्ड मठाधिपतीचं नाव घातलं होतं. १८८०च्या दशकात दे रोस्सी या पुरातत्त्वज्ञाने ती खाडाखोड उलगडली तेव्हा खरं उजेडात आलं. वेअरमथ-जॅरोचा निर्णय हा असा होता: आपण रोमचे आहोत, दिसायचंही रोमसारखंच.

जॅरोपासून लिंडिसफार्न किनाऱ्याने उत्तरेला साधारण ८० किलोमीटर. तिथला बिशप एडफ्रिथ (६९८ ते ७२१) याने लिहिलेलं आणि रंगवलेलं शुभवर्तमान आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. हे काम एडफ्रिथचं, ही माहिती दहाव्या शतकात त्याच्या ओळींमध्ये जुन्या इंग्रजीत अर्थ लिहिणाऱ्या ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने दिलेली. त्यातला मत्तय पाहा. तोच बाक, तीच बसण्याची ढब, तोच वाकलेला खांदा, तसाच मांडीवर ग्रंथ. एज्राच्या चित्रामागे जो नमुना होता, तोच किंवा त्याचा भाऊबंद इथेही समोर होता याबद्दल मला शंका नाही. पण कपाट गेलं, खोली गेली, छाया गेली. मागे सपाट रंग. कपड्याच्या घड्या म्हणजे वेगळ्या रंगातल्या नुसत्या ठाशीव रेघा, जणू जडावाच्या घरांच्या भिंती. पडद्याआडून एक डोकं डोकावतंय, डोक्यावर मत्तयाचं चिन्ह असलेला पंखवाला माणूस तुतारी फुंकतोय. नाव लिहिलंय ग्रीक, ‘ओ आगिओस’, म्हणजे संत, पण लिपी लॅटिन. एकच बंदिश दोन घराण्यांनी गावी तसा हा प्रकार आहे. एडफ्रिथला छाया जमली नाही असं जे लिहितात त्यांनी त्याच पुस्तकाची गालिचा-पानं (मजकूर नसलेली, गालिच्यासारखी नक्षीने भरलेली पानं) पाहावीत आणि मग बोलावं. ज्याला लूकच्या पहिल्या पानावर लाल शिशाचे दहा हजारांच्या वर ठिपके ओळीत बसवता येतात, त्याला घडीखाली सावली देता येत नव्हती हे मला पटत नाही. त्याला ती नको होती.

मजकूर मात्र त्याने इटलीचाच घेतला. या शुभवर्तमानांना जोडलेल्या सणांच्या यादीत नेपल्सचा संत जानुआरियस आहे, आणि लिंडिसफार्नला त्याचं काहीच कारण नव्हतं. म्हणजे समोरची प्रत नेपल्सकडच्या मुळाची, आणि तिचा पाठ वेअरमथ-जॅरोच्या पाठाला अगदी जवळचा. पाठ रोमच्या बाजूचा, अक्षर आयरिश वळणाचं, गुंतलेली जनावरं सोनाराच्या दुकानातली, आणि हे सगळं एका माणसाच्या हातून उतरलेलं. गालिचा-पानांच्या मागच्या बाजूला कंपासच्या टोकाची भोकं, आखलेलं जाळं आणि शिशाच्या टोकाने काढलेला आराखडा अजून दिसतो. मागून आखायचं, पान उजेडावर धरायचं आणि पुढून रंगवायचं, अशी रीत असावी. हे मठातल्या चित्रकाराचं काम वाटतच नाही, धातूच्या कारागिराचं वाटतं.

आता इजिप्त. ‘कॉप्टिक प्रभाव’ हे लेबल फार सैल हाताने लावलं जातं, म्हणून एक वस्तू जवळून पाहू. लिंडिसफार्नचा संत कथबर्ट ६८७ला वारला, ६९८ला त्याची शवपेटी वर काढली गेली. पुढे ११०४ साली डरहॅमला ती उघडली तेव्हा आत योहानाच्या शुभवर्तमानाची एक छोटी प्रत निघाली, १३८ बाय ९२ मिलिमीटर. वेअरमथ-जॅरोला लिहिलेली, आठव्या शतकाच्या सुरुवातीची. बांधणीसकट शाबूत राहिलेलं युरोपातलं हे सर्वांत जुनं पुस्तक. २०१२ला ब्रिटिश लायब्ररीने ९० लाख पौंडांना विकत घेतलं. बर्च लाकडाच्या फळ्या, त्यावर बकऱ्याचं लाल कातडं, मधोमध उठावाचा एक वेल, वर-खाली गुंफणीच्या रेघा. पण बांधणाऱ्याने पाहायची ती शिवण. पाठीला दोऱ्यांचा किंवा पट्ट्यांचा आधारच नाही. एका जुडीचा (दुमडून एकत्र ठेवलेल्या पानांच्या गठ्ठ्याचा) दोरा आधीच्या जुडीच्या टाक्यात साखळीसारखा अडकवत नेलाय, आणि तोच दोरा फळ्यांत ओवलाय. (आपली पोथी सुट्या पानांची, त्यामुळे आपल्याकडच्या जतनवाल्यांना ही साखळी शिवण पुस्तकातूनच शिकावी लागते.) अशी शिवण इजिप्तमधल्या जुन्या कॉप्टिक पुस्तकांत भरपूर सापडते, म्हणून तिचं नावच कॉप्टिक शिवण.

तर मग इजिप्तचा कोणी भिक्षू नॉर्थम्ब्रियात आला होता का? त्याची काही गरज नाही. इजिप्तची पुस्तकं टिकली ती कोरड्या वाळूमुळे. त्याच काळातल्या इटलीतल्या, सीरियातल्या, गॉलमधल्या बांधण्या जवळजवळ सगळ्या गेल्या. सगळीकडे एकच शिवण चालत असेल आणि फक्त इजिप्तची टिकली असेल, तर आपल्याला ती ‘इजिप्तची’च दिसणार. बिस्कपने रोमहून गाड्या भरभरून आणलेल्या पुस्तकांची बांधणी उसवून पाहणारा एखादा भिक्षू पुरेसा आहे. गालिचा-पानांचंही तसंच. न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीतल्या एका कॉप्टिक हस्तलिखितात गुंफणीने भरलेला अंखच्या (प्राचीन इजिप्तच्या जीवनचिन्हाच्या) आकाराचा क्रूस पानभर आहे, आणि तो लिंडिसफार्नहून पुष्कळ जुना. नातं आहे हे उघड आहे, पण मधले दुवे हरवलेत. तरीही पूर्वेकडून माणसं आलीच नाहीत असं नाही. ६६९ला कँटरबरीचा आर्चबिशप म्हणून आलेला थिओडोर तार्ससचा ग्रीक होता, आणि त्याचा सोबती हेड्रियन आफ्रिकेत जन्मून नेपल्सजवळच्या मठात राहिलेला. ग्रीक शिकवणारी शाळा त्यांनी कँटरबरीला चालवली. ‘ओ आगिओस’ कुठून आलं आणि नेपल्सचा संत कुठून आला, याचा माग काढायचा तर मी आधी या दोघांकडे बघेन.

इजिप्तचा खरा ठसा मला कल्पनेत दिसतो, तोही दगडावर. रथवेलचा क्रूस, पाच मीटरहून उंच, आज स्कॉटलंडात, तेव्हा नॉर्थम्ब्रियाच्या राज्यात. आठव्या शतकाचा. त्यावर संत पौल आणि संत अँथनी हे इजिप्तच्या वाळवंटातले पहिले तपस्वी मधोमध भाकरी धरून मोडताहेत, आणि भोवती लॅटिनमध्ये लिहिलंय की यांनी वाळवंटात भाकरी मोडली. दुसऱ्या चौकटीत येशू दोन श्वापदांवर उभा आहे, आणि लेख सांगतो की वाळवंटात श्वापदांनी जगाच्या तारणाऱ्याला ओळखलं. उत्तर समुद्राकडच्या ओल्या हवेत राहणारे हे भिक्षू स्वतःला वाळवंटातल्या साधूंचे वारस समजत होते. बाजूंवर द्राक्षवेल, त्यात पक्षी आणि प्राणी फळं खाताहेत. हा नमुना थेट भूमध्य समुद्राकडचा; राव्हेनातल्या बिशप मॅक्सिमियनच्या हस्तिदंती आसनावर असाच वेल आहे. आणि वेलीच्या कडेने रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत जुन्या इंग्रजीतली कविता, जिच्यात क्रूस स्वतः बोलतो: ख्रिस्त क्रूसावर होता. लॅटिन लेख चित्राला, रून वेलीला. १६४०च्या दशकात मूर्तिपूजेचं चिन्ह म्हणून हा क्रूस फोडला गेला, आणि १८२३ला हेन्री डंकन या स्थानिक धर्मोपदेशकाने तुकडे जोडून पुन्हा उभा केला, म्हणून काही चौकटी अर्धवट आहेत.

फ्रँक्स पेटी हे यातलं सगळ्यात गमतीचं प्रकरण. देवमाशाच्या हाडाची छोटी पेटी, पुढच्या एकाच फळीवर उजवीकडे बाळ येशूपुढे नजराणे घेऊन आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष, आणि डावीकडे सूड घेणारा दंतकथेतला लोहार वेलंड. मागींच्या डोक्यावर रून अक्षरांत ‘मागी’ लिहिलंय, बहुधा ओळख पटावी म्हणून.

दक्षिणेकडे, कँटरबरीत, कल रोमकडेच राहिला. आठव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशातल्या तिथल्या ‘व्हेस्पेशियन’ स्तोत्रसंहितेत दावीद राजा वादकांबरोबर कमानीखाली बसलाय आणि चेहऱ्यांना गोलाई आहे, मात्र कमानीच्या आत आयरिश गिरक्या भरल्यात. शतकाच्या मध्याकडचं तिथलं सोनेरी शुभवर्तमान तर एकाआड एक जांभळ्या रंगवलेल्या पानांचं. ते व्हायकिंगांनी लुटलं, आणि नवव्या शतकात एल्डरमन (राजाचा प्रांताधिकारी) आल्फ्रेडने शुद्ध सोनं मोजून सोडवून आणलं. तसं त्याने त्याच्या समासात लिहूनच ठेवलंय. आज ते स्टॉकहोमला आहे.

राहता राहिला ‘बुक ऑफ डरो’ या शुभवर्तमानांच्या हस्तलिखिताचा प्रश्न, कारण तो विचारणाऱ्याच्या पुस्तकांतल्या भांडणाच्या मुळाशी आहे. आयरिश अभ्यासक ते आयर्लंडचं म्हणतात, इंग्लिश अभ्यासक नॉर्थम्ब्रियाचं. योहानाच्या आधीच्या गालिचा-पानावर एकमेकांना चावणारी जनावरं आहेत, ती सटन हूच्या सोनकामाची सख्खी. अक्षर आयरिश. शुभवर्तमानांची चिन्हं जुन्या क्रमाने, म्हणजे मार्कला गरुड आणि योहानाला सिंह. हा क्रम बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने लोकप्रिय केलेल्या क्रमाच्या आधीचा. शेवटच्या नोंदीत कोलुंबाचं नाव. अँग्लो-सॅक्सन सोनकाम पाहिलेला, आयरिश अक्षर शिकलेला आणि रोमच्या ताज्या नमुन्यांपासून दूर असलेला हात हवा असेल, तर माझं मत आयोनाला किंवा कोलुंबाच्या परंपरेतल्या एखाद्या मठाला. आयोनाला नॉर्थम्ब्रियाचे राजपुत्र वनवासात राहून गेले होते, ऑस्वाल्ड त्यांतलाच. त्यांच्याबरोबर कमरेची बकलंही गेली असणार.